रविवारचा लेप

चार दिवस तापात गेले आणि पाचव्या दिवशी तिने आरशात पाहिलं, तर हनुवटीवर केसांचं पीक आलेलं. बावन्नाव्या वर्षी बाईचे गुडघे दुखतात, चष्म्याचा नंबर वाढतो, ते सगळं चारचौघांत सांगता येतं. हे मात्र सांगता येत नाही. तिने नाकातोंडावर रुमाल बांधला आणि बाबांची दाढी करायला निघाली.

आई गेल्यापासून दर रविवारी हे काम तिच्याकडे होतं. बाबांनी पन्नास वर्षं गावभराच्या दाढ्या केल्या. आता हात इतके थरथरत, की स्वतःच्या गालाला वस्तरा लावायची सोय उरली नव्हती. दुकान बंद होऊन तीन वर्षं झाली होती आणि पुढच्या आठवड्यात तिथे चष्मेवाला येणार होता. आज बाबा दुकानातल्या खुर्चीत शेवटचे बसणार होते. विचारायचं तर आजच, असं तिने वाटेतच ठरवून टाकलं.

विचारायचं होतं ते अडतीस वर्षांपूर्वीचं होतं. बापाला आपली लाज वाटायची का, एवढंच.

चौदाव्या वर्षी तिच्या ओठावरची लव दाट झाली आणि हनुवटीवर चार राठ केस उगवले. वर्गातल्या मुली ‘हवालदार’ असं नाव ठेवून मोकळ्या झाल्या. घरात वस्तरे ढीगभर, पण आईचं म्हणणं, पोरीच्या तोंडाला वस्तरा लागला की संपलंच. मग रविवारी दुपारी दुकानामागच्या स्वयंपाकघरात दार लोटून उपाय सुरू व्हायचे. एका रविवारी साखर-लिंबाचा पाक. तो आईला कधी म्हणजे कधी साधला नाही. कडक झाला की ओढताना डोळ्यांत टचकन पाणी, पातळ राहिला की मुंग्यांची चंगळ. दुसऱ्या रविवारी अंड्यातला पांढरा बलक आणि मक्याचं पीठ. हा लेप वाळेपर्यंत बोलायचं नाही, हसायचं नाही, अशी सक्त ताकीद. आणि ताकीद देणारी बाई स्वतःच गिऱ्हाइकांच्या नकला करायची! चकाचक टक्कल पडलेले मास्तर ‘फार बारीक करू नका हं’ म्हणून बजावायचे, ते आई इतकं हुबेहूब करायची, की लेपाला तडे जायचे, तुकडे मांडीवर पडायचे आणि दोघी पोट धरून हसत सुटायच्या. केस होते तिथेच राहायचे. पुढच्या रविवारी नवा लेप, नवी आशा. आता तिला त्या उपायांचं हसू यायचं, पण त्या दुपारींसाठी जीव अजून तुटायचा.

सोमवार मात्र वाईट. घराबाहेर पडायचा रस्ता दुकानातूनच होता. ती दप्तर घेऊन आली, की बाबा खुर्चीतल्या गिऱ्हाइकाच्या तोंडावर गरम टॉवेल टाकायचे. शाळेच्या प्रत्येक दिवशी. एकदा तर नुसते केस कापायला आलेल्या माणसाचंही तोंड झाकलं. तिने ते पाहिलं आणि जे समजायचं ते समजली. पुढे नोकरीसुद्धा तिने टपाल कचेरीच्या मागच्या खोलीतली धरली, पत्रं वेगळी करायची. खिडकीवर बसायची संधी दोनदा चालून आली आणि दोन्ही वेळा तिने नको म्हटलं.

“तोंडाला काय बांधलंयस?” खुर्चीत बसता बसता बाबांनी विचारलं.

“सर्दी आहे.”

तिने साबण फेसवला, गालांवर ब्रश फिरवला. वस्तरा कानाजवळून खाली आला. अर्धी दाढी झाल्यावर तिने धीर केला.

“बाबा, मी शाळेत जाताना तुम्ही लोकांच्या तोंडावर टॉवेल टाकायचात. माझी लाज वाटायची ना?”

बाबांनी हात वर करून तिला थांबवलं.

“आधी वस्तरा खाली ठेव.”

तिने ठेवला.

“लाज? अगं, तू दुकानात पाय टाकलास की तुझी मान खाली जायची. दोनदा उंबऱ्याला ठेचकाळलीस. म्हटलं, बघणारंच कोणी नसलं तर पोर मान वर करून जाईल. तू टॉवेलच बघत बसलीस होय!”

“मग सांगायचं नाही का?” तिचा आवाज चढला. “एक शब्द तरी बोलायचात!”

“कसा बोलणार? माझ्या आईला वचन दिलं होतं. तिला तुझ्याहून दाट होती. दाढीच म्हण. पाक झाले, लेप झाले, सगळं करून थकली. शेवटी तिने माझ्या हातात वडिलांचा वस्तरा दिला. दहा वर्षांचा होतो मी. रोज सकाळी, दार लावून. मी हा धंदा तिच्या हनुवटीवर शिकलो. बाहेर अवाक्षर काढायचं नाही म्हणाली, नाही काढलं. तुझ्या आईजवळसुद्धा नाही.”

“म्हणजे लेपांचा उपयोग नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं?”

“पहिल्या रविवारपासून.”

“आणि गप्प बसलात!”

“तुम्ही दोघी आत खिदळायचात, ते मला भिंतीतून ऐकू यायचं. बरं वाटायचं. सांगितलं असतं तर बंद पडलं असतं.” मग बाबा खालच्या आवाजात म्हणाले, “त्यात तुझं नुकसान झालं. चुकलंच माझं.”

तिला राग आला होता आणि रडूही येत होतं. आधी कशाला वाट द्यावी ते कळेना. तिने नाक पुसायला रुमाल सोडला. बाबांनी हात पुढे केला. त्यांचा थरथरता अंगठा तिच्या हनुवटीवर आडवा फिरला, मग उलट्या दिशेने, केस कुठे वळतो ते चाचपत. एवढ्या आयुष्यात त्यांनी तिथे हात लावला नव्हता. ती दचकली, पण मागे सरली नाही.

“डावीकडे भोवरा आहे,” बाबा म्हणाले. “माझ्या आईलाही इथेच होता.”

मग ते खुर्चीत ताठ बसले आणि गिऱ्हाइकाशी बोलायच्या आवाजात म्हणाले, “बोला. काढायचे की ठेवायचे? आमच्यात ते गिऱ्हाईक सांगतं.”

आईने लेप सांगितले होते, मैत्रिणींनी मलमं, डॉक्टरीणबाईंनी गोळ्या. तुला काय हवंय, असं आजवर एकानेही विचारलं नव्हतं.

“थांबा हो जरा,” ती म्हणाली. “मला विचार करू दे.”

“करा की,” बाबा म्हणाले. “मी बसलोय.”