सहाच्या पायाखालची रेघ

पौषातली दुपार कलू लागली की मोरवेळच्या सड्याला सोनेरी झाक चढते. जांभ्या दगडाचा तो विस्तीर्ण, वृक्षविरळ, वाऱ्यानं तासलेला माथा. त्यावर रानगवताचा पिवळा आणि राखलेल्या गवताचा हिरवा. आणि तीन बाजूंनी निळा, फेनमंडित, क्षणभरही स्वस्थ न बसणारा सागर. वारा इथं पाहुणा नाही, घरचाच. तो सुरूच्या रांगेतून शीळ घालत येतो, निशाणांना झोडपतो, साहेबलोकांच्या टोप्या उडवतो आणि दिवसभर त्याचं मन म्हणून भरत नाही.

याच सड्यावर पन्नास वर्षं गोल्फची स्पर्धा होते आहे. हौशागवशांची नव्हे, खेळावरच पोट असलेल्या नामांकितांची. चार दिवस, अठरा खड्डे, एक रौप्य करंडक. देशोदेशीचे खेळाडू इथं येऊन गेले. कुणी नाव कमावून गेलं, कुणी नावं ठेवून घेऊन गेलं.

सतराव्या खड्ड्याशी मात्र भल्याभल्यांची बोबडी वळते. इथं कडा मधेच तुटतो. खालच्या कपारीत समुद्र घुसलेला, घुसळणारा, घोंगावणारा. आणि पलीकडच्या कड्यावर ते चिमुकलं लाल निशाण. समुद्रावरून सरळ चेंडू मारला तर एक फटका वाचतो. डावीकडच्या गवतावरून वळसा घातला तर तो वाचत नाही, पण ठरलेल्या फटक्यांत भागतं आणि चेंडू शाबूत राहतो. समुद्रवाट आणि गवतवाट. दोन वाटा, आणि दोन्ही वाटांच्या तोंडाशी उभा एक उंच, पांढरा, लाकडी फलक.

त्या फलकाच्या मागं, शिडीवर, शेवंती कुबल.

खालच्या गाबीतवाड्यातली, मच्छीमारांच्या वस्तीतली, ही अठ्ठावन्न वर्षांची बाई तेवीस वर्षं स्पर्धेचे आकडे लावते आहे. कमरेच्या वायरलेसवर आवाज येतो, ती खणातून पत्र्याची पाटी काढते आणि मागच्या बाजूनं खाचेत सरकवते. ठरलेल्या फटक्यांहून कमी फटक्यांत खेळणाऱ्याचा आकडा लाल. लाल आकडा जितका मोठा, तितका खेळाडू पुढं. काम एवढंच. पण आकडा असतो पाटीच्या पुढच्या अंगाला. मागून शेवंतीला दिसतो तो नुसता करडा पत्रा. ती लावते ते जग वाचतं, आणि जग वाचतं ते तिला दिसत नाही.

आज तिला एका जागी उभं राहवत नाही.

शिडीवर चढते, उतरते. फलकाला वळसा घालून पुढं येते, पाहते, पुन्हा मागं जाते. सकाळचा चहा तसाच निवून गेला, भाकरीचं फडकं सुटलेलं नाही.  कारण पन्नासाव्या वर्षाच्या निमित्तानं जुन्या खेळाडूंनाही खेळायला बोलावलंय, आणि एकोणीस वर्षांनी हणमंत शिंत्रे मोरवेळला आला आहे. आज स्पर्धेचा शेवटचा दिवस. उद्या तो जाईल. सांगायचं तर आज.

एकोणीस वर्षांपूर्वीही अशीच पौषातली दुपार होती. अशीच सोनकळा, असाच वारा. बेळगावचा हा शिंत्रे तेव्हा बत्तिशीत होता. बोलायला रांगडा, हात मात्र रेशमाचा. लाल सात. दोनच खड्डे उरलेले. त्याचा प्रतिस्पर्धी खेळ संपवून बसला होता, आणि त्याचा अखेरचा आकडा शेवंतीच्या वायरलेसवर आला होता: लाल सहा.

म्हणजे शिंत्रे एकानं पुढं होता. गवतावरून सावकाश गेला असता तरी करंडक त्याच्या घरी जात होता.

शेवंतीनं सहाच्या खणातून पाटी काढली आणि सरकवली. इंग्रजी सहा. उलटा झाला की नऊ. म्हणून तर सहाच्या पायाखाली एक रेघ ओढलेली असते. रेघ खाली तर सहा, रेघ डोक्यावर तर पाटी उलटी. त्या वर्षी खाऱ्या हवेनं ती रेघ खाऊन टाकली होती. आणि करड्या पत्र्याला उलटंसुलटं कुठलं?

शिंत्रे सतराव्यावर आला. बाराव्या खड्ड्यानंतर त्याला आघाडीचा आकडा दिसला नव्हता. त्यानं मान वर करून पाहिलं. लाल नऊ. दोन फटके मागं, दोन खड्डे उरलेले. त्यानं गवताकडे पाहिलंच नाही. पाय रोवले, समुद्रावर नेम धरला, आणि मारला.

चेंडू उंच गेला, शुभ्र, तेजोबिंदूसारखा. वाऱ्यानं त्याला मधेच कवटाळलं आणि कपारीत टाकून दिलं.

जमावाचा सुस्कारा ऐकून शेवंती फलकापुढं आली, आणि तिनं तो नऊ पाहिला.  धावत मागं जाऊन तिनं पाटी सुलटी केली. पण तोवर सगळ्यांच्या नजरा समुद्राकडे होत्या, आणि दंडाचा फटका सोसून शिंत्रे पुढं निघून गेला होता. तो एका फटक्यानं हरला. अठराव्याच्या चढावर, तिथल्या फलकापाशी, तो बराच वेळ थांबून मागं वळून पाहत होता. समुद्राकडे पाहतोय, असं तिला वाटलं.

संध्याकाळी ती धापा टाकत फाटकाशी पोचली, तेव्हा त्याची जीप वळणाआड गेली होती. मागं नुसती लाल धूळ उरली होती.

पुढं जे झालं ते लोकांनी केलं. ज्याचा चेंडू बुडतो त्याला अक्कल शिकवायला अख्खं गाव काठावर उभं असतं. हातचा करंडक हावेपायी समुद्रात घातला, असं वर्तमानपत्रांनी छापलं. त्या कपारीला ‘शिंत्र्याची हाव’ असं नावच पडलं. दरवर्षी भोंग्यावरून स्पर्धेचा इतिहास सांगणारे गृहस्थ त्या नावाशी आले की मुद्दाम थांबतात, आणि खुर्च्यांवरची मंडळी हसतात. फलकामागं शेवंती ते हसणं दरवर्षी ऐकते. दरवर्षी तिला वाटतं, पुढं जावं आणि ओरडून सांगावं. दरवर्षी ती खणातून पुढची पाटी काढते. रोजगाराची भीती होती, हे खरं. पण त्याहून खरं म्हणजे लाज होती.

तिला करता आलं ते तिनं केलं. दर मार्गशीर्षात सगळे सहा घरी नेले, अंगणात मांडले आणि प्रत्येकाच्या पायाखाली लाल तेलरंगाची रेघ ओढली. एक हात देऊन सुकवली, दुसरा हात दिला. एवढ्यानंही जिवाला थारा नव्हता, म्हणून खिळा ठोकून त्या रेघेच्या जागी मागून कळेल असा खळगा पाडला. आता डोळ्यांना दिसलं नाही तरी बोटांना कळतं. ती बोटांनी पाहते. रेघ खाली.

दुपार आणखी कलली. समुद्राचा निळा गेला आणि तांब्याचा रंग आला. एकेक खेळाडू सतराव्यावरून पुढं गेला. हणमंत शिंत्रे आकड्यांत फार मागं होता. त्याचं नाव फलकावर यायचं कारणच नव्हतं. मोठे आकडे पोरसवद्यांचे. शेवंती मनोमन एकच मागत होती: आज कुठलाही आकडा येऊ दे, सहा नको. पाच चालेल, आठ चालेल. तो इथून पार होईपर्यंत सहा नको.

वायरलेस खरखरला. हिशेबघरातला गावडे बोलत होता.

“शेवंतीबाय, पयलो नंबर. लाल सहा.”

तिनं पाटी काढली. बोटांनी पाहिली. रेघ खाली. सरकवली. उतरली, पुढं गेली, डोळ्यांनी पाहिली. रेघ खाली. मागं आली. चार पायऱ्या चढली, आणि मनात पाल चुकचुकली म्हणून पुन्हा उतरली, पुन्हा पुढं गेली. वाऱ्यानं पाटी खडखडत होती, पण सहा सहाच होता. 

आणि वळली तर समोर तो.

केस पिकलेले, एका गुडघ्याला पट्टा, उन्हानं रापलेला, सुरकुतलेला, निवांत चेहरा. हातातली खेळायची काठी टेकून हणमंत शिंत्रे फलकाकडे पाहत उभा होता. सोबतचा खेळाडू अजून मागच्या चढावर होता. भोंग्यावर इतिहास चालू होता, आणि नेमकं ते नाव आलं. खुर्च्यांवरची मंडळी नेमानं हसली. तो हसला नाही, की त्याच्या कपाळावर आठीही आली नाही.

शेवंतीनं तोंड उघडलं.  एकोणीस वर्षं घोकलेलं सगळं वाक्य वाऱ्यानं नेलं.

मग तोच बोलला. फलकावरची नजर न काढता, हळू, घरातल्या माणसाशी बोलावं तसा.

“अक्का, रेघ खालच्या अंगालाच हाय न्हवं?”

तिच्या डोळ्यांपुढं तो अठराव्याचा चढ आला. चढावर थांबून मागं पाहणारा माणूस आला. तो समुद्राकडे पाहत नव्हता. तो हिच्याकडे पाहत होता. तिथल्या फलकावरचा सहा वाचून, इथं नवाचा सहा करून उभ्या असलेल्या एका बाईकडे. त्याला त्याच दिवशी कळलं होतं. एका शब्दात त्याला स्वतःवरचा हावेचा ठपका पुसता आला असता. तो शब्द हिच्या अंगावर आला असता, म्हणून त्यानं एकोणीस वर्षं तो गिळला होता.

शेवंतीला रडू आवरलं नाही. तिनं ते आवरायचा प्रयत्नही केला नाही.

“हा. खालीच हा,” ती म्हणाली. “मिया माझ्या हातान काढलंय. त्या वर्साचो नऊ... तोपण माझ्याच हातचो.”

“ठावं हाय,” शिंत्रे म्हणाला. “तुझ्या घरी चूल पेटायची हुती, अक्का. माझी काय, करंडकावाचून अडत न्हवती.” आणि काठी उचलून तो पुढं झाला.

तो उभा राहिला तसा जमाव सावरून बसला. आज म्हातारा पुन्हा समुद्रावरून मारणार, पुन्हा बुडवणार, पुन्हा मजा येणार. शिंत्र्यानं समुद्राकडे पाहिलं. फलकाकडे पाहिलं. लाल सहा, पायाखाली रेघ. मग पट्टा बांधलेला पाय सावकाश वळवून त्यानं डावीकडे तोंड केलं.

खुर्च्यांवर कुजबुज झाली. गवतवाट! वय झालं बिचाऱ्याचं, कुणी म्हणालं. ठेच लागली की शहाणपण येतंच, आणखी कुणी म्हणालं.

एकट्या शेवंतीला ठाऊक होतं. हा आजचा फटका नव्हता. सहा वाचून, एकानं पुढं असलेल्या माणसानं, त्या दुपारी मारायचा राहिलेला हा फटका होता.

चेंडू उठला. कलत्या उन्हातून, ताम्रवर्ण वाऱ्यातून, कपारीला दूर ठेवून, तो सावकाश, सोपा, सरळ गेला, आणि हिरव्या गवतावर अलगद बसला. खाली समुद्र हात पसरून आला, कड्यावर आपटला, आणि त्या दिवशी रिकाम्या हातानं परत गेला.