कामिनीच्या पेशींना शेपट्या फुटल्या

मित्रांनो, मी सूक्ष्मदर्शक आहे, आणि आता म्हाताराही झालो आहे. अंबाल्याच्या कारखान्यात माझी भिंगे घासली गेली आणि खोक्यात बसून मी नागपूरला, धंतोलीतल्या एका संशोधन केंद्रात आलो. ऊन असे होते की आधी कूलर सुरू झाला आणि मग माझे खोके उघडले. स्वभावाने मी थोडा फटकळ आहे. आयुष्यभर लोकांनी माझ्यात डोकावून पाहिले, पण मला काय वाटते हे एकानेही विचारले नाही. म्हणून आज मीच सांगतो.

डॉ. मधुवंती या माझ्या मालकीण. व्यायाम किती जोराचा केला की शरीरात काय होते, हे त्या शोधत होत्या. श्वासातून येणारा ऑक्सिजन मोठा उपकारी, पण लोखंडाला गंज चढवतो तोही हाच. फार दमेपर्यंत धावले की त्याच्यापासून शरीरात काही तापट रेणू जास्त तयार होतात आणि ते पेशींमधल्या डीएनएचे धागे तोडतात. मॅडम धावणाऱ्यांचे थोडे रक्त घेत, त्यातल्या पेशी काचेवर पसरून त्यांतून वीज सोडत आणि ती काच माझ्याखाली ठेवत. धागे शाबूत असले की पेशी गोल ठिपक्यासारखी चमकते. तुटले असले की तुकडे मागे ओढले जातात आणि ठिपक्याला शेपूट फुटते. बेताने धावणाऱ्यांच्या पेशी मी बहुधा गोलच पाहिल्या. जीव तोडून धावणाऱ्यांच्या शेपट्या पाहिल्या, आणि विश्रांती मिळाली की शरीर ते धागे स्वतःच सांधते हेही पाहिले. त्या काळी माझी मोठी वट होती. पाहुणे आले की त्यांना आधी माझ्यापाशी आणत.

धावणाऱ्यांत खापरखेड्याची कामिनी होती. तिचे वडील बापूजी तिथल्या वीज केंद्रात कंत्राटी कामगार. तिला पोलीस भरतीत उतरायचे होते, आणि वयाच्या अटीमुळे ही तिची शेवटची संधी होती. मला हात लावण्याआधी परवानगी विचारणारी ती एकटीच. आपल्याच पेशी बघून ती म्हणाली होती, "मॅडम, हे माह्या आंगातलं आहे का? किती छान दिसून राहिलं." ती मला फार आवडायची, हे लपवत नाही.

भरती जवळ आली तशी बापूजींनी तिची सुट्टी बंद केली. सकाळी पळणे, संध्याकाळी पळणे, ओकारी येईपर्यंत पळणे. तिच्या पेशींना लांब शेपट्या दिसू लागल्या. जुने सांधून होत नाही तोवर नवे तुटत होते. मॅडमनी बापलेकीला समोर बसवले.

"बापूजी, हिच्या पेशींना शेपट्या फुटल्यात. काही दिवस हिला पळू देऊ नका."

बापूजी हसले. "मॅडम, आमच्या घरात कोनी शेपूट घालत नाही जी. काहून वं, तू घालशीन का?"

"नाही बाबा," कामिनीही हसली.

मित्रांनो, एका शब्दाने घात केला. मॅडम बोलत होत्या ते आतल्या जखमेबद्दल, बापूजींनी ऐकला तो भित्रेपणा. मॅडमनी पुन्हा समजावले, पण आता तो घरच्या अब्रूचा प्रश्न झाला होता. दुसऱ्या दिवसापासून मैदानावरची एक फेरी वाढली.

भरतीतल्या धावण्याच्या चाचणीच्या दिवशी कामिनीचे पाय अर्ध्या वाटेतच उचलेनासे झाले. ती खाली बसली आणि बाकीच्या मुली तिच्या बाजूने पुढे गेल्या. हे तिनेच येऊन मॅडमना सांगितले, खाली मान घालून. त्या शेपट्यांनीच तिचे पाय अडवले, असे मी म्हणणार नाही. पण तिचे शरीर थोडा वेळ मागत होते आणि तो कोणी दिला नाही.

काही महिन्यांनी तिचे शेवटचे रक्त घेतले, तेव्हा बापूजीही आले. मॅडमनी त्यांना माझ्यापाशी बसवले. एक डोळा हाताने झाकून ते वाकले.

"हे गोल गोल कोनाचे, मॅडम?"

"कामिनीचे. विश्रांती मिळाली, सगळे भरून आले."

बापूजींनी भिंगावरचा डोळा काढला नाही. "म्हंजे बरी झाली पोरगी. आता पळू द्या तिले. म्या काही म्हननार नाही."

मॅडमनी कामिनीकडे पाहिले. वयाची मर्यादा उलटून गेली होती.

"बाबा," कामिनी हळूच म्हणाली, "आता कुठं पळू?"

बापूजींच्या डोळ्यातले पाणी माझ्या भिंगावर उतरले. मला ते पुसता येत नव्हते.

पुढे अभ्यास संपला. पडद्यावर चित्र दाखवणारा नवा सूक्ष्मदर्शक आला आणि मी कपाटावर, प्लास्टिकच्या पिशवीखाली गेलो. त्याचे मला एवढे दुःख नाही. इतकी निरोगी, गोल पेशी बघून रडू यावे, याचे आहे.

मित्रांनो, व्यायाम सोडू नका, तो फार गुणाचा आहे. पण तुमच्या घरात कोणी जीव तोडून धावत असेल, तर त्याला एखादा दिवस बसू द्या. आणि तो बसला म्हणून त्याला भित्रा म्हणू नका.