हिलालबाबाने उतरवलेला लाग

सावद्यात पुष्पाबाईंच्या पुढच्या खोलीत त्या अमावास्येला भरदुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. ओट्यावर चपलांचा ढीग, खिडकीत डोक्यावर डोकं, आणि भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर काळी चादर! त्या चादरीत अर्धा शिरून हिलालबाबा ओरडत होता, "हट! हट! बठ्ठा घरमा लाग शे! वायरमा लाग, पडदामा लाग, पोरना हातमा लाग! निंघ!" लिंबं कापली गेली, भस्म उडालं, दोन बाया घुमायला लागल्या.

चादर निघाली. पुष्पाबाईंची धाकटी मयुरी गेमचा रिमोट दोन्ही हातांत धरून बसली होती. मारामारीच्या गेममध्ये या भागात तिच्यापुढे कोणी टिकत नसे. गेले चार महिने मात्र तिचे ठोसे उशिरा पडत होते. तिने उजवं बटण दाबलं आणि पडद्यावर ठोसा तिथल्या तिथे बसला.

"गेला!" मयुरी म्हणाली. लोकांना काय दिसलं ते देवच जाणे, पण सगळ्यांनी हात जोडले.

"पाह्यलं का व कामिनी?" पुष्पाबाईंना रडू आवरेना. "तू शिकेल-सवरेल मास्तरीन. तुह्या डोळ्यादेखत गेला!"

कामिनी ही त्यांची थोरली, धुळ्याला देवपुरात शाळेत विज्ञान शिकवणारी. तिने पाह्यलं होतं खरं, आणि त्याचाच तिला संताप आला होता.

एका शब्दाने हे सगळं केलं होतं. मयुरी खेळताना ओरडायची, "लॅग आहे गं आई, लॅग!" म्हणजे ठोसा उशिरा पडतोय. आईने ऐकलं, लाग. भुताखेताचा लाग! घाबरून तिने कामिनीला फोन केला, तर ही पेपर तपासत बसलेली. "टीव्हीचा लॅग असेल," म्हणून हिने फोन ठेवला. मग मयुरीच्या डाव्या हातातून चहाचा कप निसटला आणि आईने हिलालबाबा गाठला. बाबा म्हणाला, पाच अमावास्या लागतील. तोवर दवाखान्याचं नाव नको, सुई टोचली की लाग रक्तात उतरतो. जाताना तो चादरीआड शिरून टीव्ही 'बांधून' जायचा, आणि लाग परत हजर! आजची ही चौथी अमावास्या.

पण आज कामिनीने मयुरीचे हात आणि पडदा एकत्र मोबाईलवर टिपले होते, चादर पडण्याआधी आणि निघाल्यानंतरही, स्लो मोशनमध्ये.

"बाबा, टीव्हीचा रिमोट कुठं आहे?"

"देवना काममा रिमोट कसाले?"

कामिनीने सरळ त्याची शाल ओढली. रिमोट खणकन फरशीवर पडला. तिने तोच उचलून पडद्यावर मेनू उघडला. गेम मोड, चालू.

"नेटचा लॅग असला की पडद्यावरचा माणूस मध्येच थिजतो आणि उडी मारून भलतीकडे निघतो," ती लोकांना म्हणाली. "इथं तसं नव्हतं. इथं प्रत्येक ठोसा सारखाच उशिरा. टीव्ही चित्र चकचकीत करत बसतो, त्यात वेळ जातो. गेम मोड लावला की ती चकचक बंद आणि उशीर कमी. जाताना हा तोच मोड बंद करून जायचा. हा मेनू तुम्हाला दिसू नये म्हणून ती चादर!"

"अरे, हा तं पिंपळनेरले घरोघरी टीव्ही बसवायचा!" मागून शेजारचे चिंधाआबा ओरडले. लोक हसायला लागले. बाबा मागच्या दाराने पळाला, चपला ओट्यावरच राहिल्या.

कामिनीही हसली. आईची खात्री पटावी म्हणून तिने चित्रण पुन्हा लावलं. "हे बघ आई, बटण दाबलं, ठोसा बसला." आणि बोलता बोलता ती थांबली. समोरचा पैलवान उजवीकडून आला की मयुरीचा उजवा अंगठा लगेच खाली जात होता. डावीकडून आला की डावा अंगठा नुसता पडून राहायचा, मग कधीतरी हलायचा. प्रत्येक वेळी. टीव्हीचा उशीर गेला होता, अंगठ्याचा तसाच होता.

"मयुरी, डोळे मिट. दोन्ही हात समोर धर."

उजवा हात जागेवर राहिला. डावा हळूहळू खाली आला आणि मांडीवर टेकला.

"धरलेत की गं ताई," मिटल्या डोळ्यांनी मयुरी म्हणाली.

कामिनीने त्याच संध्याकाळी तिला जळगावला नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी मेंदूचा फोटो दाखवला. उजव्या बाजूला लिंबाएवढी गाठ. "चार महिन्यांपूर्वी आणलं असतं तर हात वाचवता आला असता," ते म्हणाले. ऑपरेशन झालं, मयुरी वाचली. डावा हात लुळा पडला तो पडलाच.

कामिनीला अजून तो फोन आठवतो. बाबाने चार महिने खाल्ले, आणि न बघता 'टीव्हीचा लॅग' म्हणणारी तीही काही वेगळं वागली नव्हती. मास्तरीण असली म्हणून काय झालं!

हिलालबाबा आता दुसऱ्या गावात चादर टाकतो म्हणे. परवा शेजारची रूपा तापाने फणफणलेलं लेकरू घेऊन त्याचा पत्ता विचारायला आली. पुष्पाबाई मयुरीला भाकरी मोडून देत होत्या. हातातला तुकडा ताटात ठेवून त्या उठल्या, पायात चपला घातल्या.

"चाल, दवाखान्यात. मी येते संगं," त्या म्हणाल्या. "बाबाले मंग कधीही विचारजो. डॉक्टरले आत्ताच विचारा लागते."