खाली गेलेल्याने बोलत राहायचं

घड्याळजींच्या बायकोच्या तोंडाला किल्ली द्यावी लागत नसे. सकाळी डोळे उघडले की ते सुरू, आणि यांचा धंदा असा की दिवसभर कान लावून टिकटिक ऐकायची. तीस वर्षं हे चाललेलं. माणूस वैतागणार नाही तर काय करणार?

पण त्या दुपारी दोघं सफरचंदाचं सायडर, म्हणजे रस आंबवून केलेलं पेय, बनवणाऱ्या एका कुटुंबाकडे चव घ्यायला गेले आणि तिथला नियम ऐकून बाई हरखलीच. तळघरात उतरणाऱ्याने सतत बोलत राहायचं.

नियम गमतीचा नव्हता. नळावरून ग्लास भरता भरता मालकीणबाईंनी सांगितलं, रस आंबताना पिंपांतून वायू सुटतो, खाली साचतो. त्याला ना रंग, ना वास. आपण कधी कोसळलो ते आपल्यालाही कळत नाही. म्हणून पंखा चालू ठेवायचा, आणि वर एकाने कान देऊन बसायचं. आवाज थांबला की धावायचं.

"मी जाते तळघर बघायला," बायको लगेच म्हणाली. घड्याळजींचा गुडघा धड नाही, त्यामुळे ऐकायचं काम त्यांच्याकडे आलं. तळघराच्या दारालगतच्या बाकावर ते ग्लास घेऊन बसले. मालकांची लेक बायकोला खाली घेऊन गेली, आणि चव दाखवायला ग्लासच विसरले म्हणून परत वर आली. "काकू, मी आलेच. तुम्ही बोलत राहा."

एकटी बाई बोलणार तरी कशाबद्दल? नवऱ्याबद्दल. "आमचे हे अजून झुरळाला घाबरतात बरं का. मी झाडू आणेपर्यंत खुर्चीवर उभे." आसपासच्या टेबलांवर बसलेल्या गिऱ्हाइकांत खसखस पिकली. घड्याळजींचे कान लाल झाले. दारातून वाकून ते ओरडले, "अगं, पुरे झालं. जरा गप्प बस."

आवाज थांबला.

खरं सांगायचं तर पुढचा घोट त्यांना गोड लागला. एका सांगण्यात गप्प बसली म्हणून ते मिशीतल्या मिशीत हसलेही. तेवढ्यात लेक ग्लास पुसता पुसता थबकली. "काकूंचा आवाज का येत नाही?"

"मीच तिला गप्प बस म्हणालो," घड्याळजी म्हणाले, आणि बोलता बोलताच त्यांनी ग्लास बाकावर ठेवला. ही आपलं कधीपासून ऐकायला लागली?

लेकीने हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली, नाही. घड्याळजी पायऱ्यांकडे धावले तर मालकांनी त्यांना मागे ओढलं. "असे धावत उतरलात तर दोघं जाल. थांबा." त्यांनी पंखा वाढवला, लेक कमरेला दोर बांधू लागली. केसाएवढ्या स्प्रिंगा बसवणाऱ्या घड्याळजींना दोराची साधी गाठ जमेना. इतकी भीती त्यांना जन्मात वाटली नव्हती.

"बोल गं," ते अंधारात ओरडले. "झुरळाचं सांग. माझ्या बहिणीबद्दल मनात ठेवलंयस ते सांग. तुझ्या पाया पडतो, पण बोल."

फक्त पंखा घरघरत होता. मग खालून आवाज आला, "आता कशाला? सगळ्यांदेखत गप्प बस म्हणालात ना?"

घड्याळजी दोर सोडून पहिल्याच पायरीवर बसले.

लेक जाऊन तिला वर घेऊन आली. बाई चांगली धडधाकट होती, फक्त फुगलेली. घड्याळजी मालकांकडे बघून कसंनुसं हसले. "ऐकलं हो तिने माझं. लग्नानंतर पहिल्यांदा."

मालक हसले नाहीत. दोर गुंडाळत म्हणाले, "माझा धाकटा भाऊ खाली गाणी म्हणायचा. फार बेसूर. एकदा मीही वरून ओरडलो, पुरे कर म्हणून. तो थांबला. मला वाटलं, ऐकलं माझं." मग त्यांनी दोर खुंटीला अडकवला.

परतताना बसमध्ये बायको खिडकीकडे तोंड करून बसली. एक अक्षर नाही. थोड्या वेळाने घड्याळजींनी हळूच तिच्या नाकासमोर बोट धरलं.

"काय करताय?" ती खेकसली.

"काही नाही." त्यांनी बोट मागे घेतलं. "माझ्या बहिणीचं सांगणार होतीस."

"ते लांबेल."

"लांबू दे."

ती सुरू झाली. त्यांचा थांबा आला आणि गेला, तरी घड्याळजी उठले नाहीत.