बनुबाईच्या दंडावरचा पट्टा

मित्रांनो, मी रक्तदाब मोजायचं एक जुनं यंत्र आहे. काचेच्या नळीत पारा, एक कापडी पट्टा आणि हवा भरायचा रबरी फुगा, एवढाच माझा संसार. पाऱ्याला स्वस्थ बसवत नाही, म्हणून मलाही नाही.

कडेगावजवळच्या आरोग्य केंद्रात मला आणलं, तेव्हा बघायला सरपंचसुद्धा आले होते. पुढे किती डॉक्टर आले आणि गेले! शिक्षणानंतर सरकारी सेवा करावी लागते, म्हणून यायचे. सगळे घोड्यावर बसूनच. हात माझ्या फुग्यावर, डोळे कॅलेंडरवर. माझ्या जिवाला नुसता घोर.

साताऱ्याची डॉक्टर अंकिताही तशीच आली. टेबलाच्या खणात पुढच्या परीक्षेची पुस्तकं होती.

दर बाजाराला बनुबाई यायची. ऊसवाल्या घरातली धिप्पाड म्हातारी, मुलगा उदयसिंह लष्करात. "पट्टा बांधा बाई," म्हणत दंड पुढे करायची. पारा चढायचा तो उतरायचं नाव नाही. अंकिता गोळ्या वाढवायची, तरी तेच. म्हातारीच्या डोक्यातली शीर फुटते की काय, या भीतीने माझीच धडधड व्हायची.

एका बाजाराला बनुबाई आली नाही. अंकिताने मला उचललं आणि तिचं घर गाठलं. बनुबाई गोठ्यात शेण काढत होती. गोळ्या दाखवा म्हटल्यावर तिने देव्हाऱ्यामागून सगळी पाकिटं आणली, जशीच्या तशी.

"खाल्ल्या का नाहीत?"

"आवं, पट्टा आवळला की दाब उतरतूयच की! लय हलकं वाटतं. ह्या गोळ्या उदयसिंगासाठी ठिवल्यात. सुट्टीवर आला की त्याचं डोकं लय दुखतं."

अंकिताला हसावं की रडावं कळेना. "पट्टा नुसता मोजतो, बनुबाई! उतरवते ती गोळी. आणि तुमची गोळी त्याला दिलीत, तर तो चक्कर येऊन पडेल!" ती अशी रागावली, की म्हशीनेही मान वर केली. समोर उभं राहून तिने पहिली गोळी गिळायला लावली.

हळूहळू पारा खाली आला. तो जागेवर आला, त्या दिवशी अंकिताची कळी खुलली होती. पण लगेच वडिलांचा फोन आला: मुदत संपली, आता परीक्षेच्या तयारीला पुण्याला चल.

"नवा डॉक्टर येईल, काळजी करू नका," तिने बनुबाईला सांगितलं.

"त्यो गोळ्या दील व्हय. पर रागवंल का? तुमी रागावला, तवा म्या खाल्ल्या. ज्याला माझी वळखच न्हाई, त्यो कशाला रागवंल?"

अंकिताने पट्टा गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. दुपारी तिने फोन लावला. "बाबा, अजून एक वर्ष इथेच. इथे माझ्या औषधाचं काय झालं, ते मला डोळ्यांनी दिसतं."

मित्रांनो, आता केंद्रात बटणाचं यंत्र आलंय. पाऱ्याची यंत्रं काढून टाकणार म्हणतात. माझं सोडा. पण अंकिताच्या खोलीत नळाला पाणी येत नाही, दाराची कडी तुटलीय, आणि ती कोणाला सांगत नाही. वर्ष काय, बघता बघता सरेल. घरच्या मोठ्यांना सांगून ती कडी तरी बसवून घ्या. आपल्यावर रागावणारं माणूस गावात राहावं असं वाटत असेल, तर त्याला दार लावून निजता आलं पाहिजे.