पिवळ्या पट्टीची बाटली

गाड्यांच्या काळ्या प्लास्टिकवरून घरात अबोला धरला जाईल, असं तिला लग्नाआधी कुणी सांगितलं असतं तर ती हसली असती. घराखालच्या गॅरेजमध्ये नवरा आणि दीर मिळून गाड्या धुऊन चकाचक करून देत. उन्हाने पांढुरकं पडलेलं बंपर पुन्हा काळं करायला कुठलं औषध चांगलं, यावर दोघा भावांची चांगलीच जुंपली होती.

दिराचा जीव त्याने स्वतः शोधून आणलेल्या तेलकट क्रीममध्ये. "लावलं की आरसा," तो म्हणायचा. नवरा म्हणायचा, "आरसा खरा, पण दोनदा धुतला की पळून जातो." त्याची भिस्त पाण्यात विरघळणाऱ्या लोशनवर. त्याची चमक बेताची, पण टिकाऊ. तिसरं औषध नितळ, सुकल्यावर कवच धरणारं. ते सगळ्यांत जास्त टिकायचं, पण लावताना हात चुकला की डाग जन्माचा.

शेवटी तोडगा तिनेच काढला. तिन्ही औषधं सारख्या बाटल्यांत ओतायची, वर रंगीत पट्ट्या लावायच्या, कुठल्या रंगात काय ते एकट्या नवऱ्याला ठाऊक. एका जुन्या बंपरचे तीन भाग करायचे, ज्या रंगाचा भाग त्याच रंगाची बाटली, आणि लावणार ती. मग धुवायचं, उन्हात टाकायचं आणि बघायचं. मूळ डबे नवऱ्याने आपल्या गाडीच्या डिकीत बंद केले. "म्हणजे कुणाचा वशिला नको," तो दिराकडे बघत म्हणाला होता.

"वहिनी, तुम्ही तर बोर्डाचा पेपरच सील केलात," दीर हसला होता. हसू ओठांवरच होतं.

आज दुसरा हात द्यायचा म्हणून तिने बाटल्या खाली काढल्या. ओलं फडकं पिळायला ती नळाकडे वळली, तेवढंच. परत फिरली तेव्हा पिवळ्या पट्टीची बाटली फरशीवर आडवी पडली होती आणि तिची लहानगी चिमी बाटलीचं टोपण चघळत होती. हनुवटीवर पांढरा ओघळ.

तिने बोट घालून टोपण काढलं. चिमी एकदा खोकली, मग आईकडे बघून हसली.

"काय झालं?" गाडीखालून दीर सरपटत बाहेर आला.

"पिवळीतलं तोंडात गेलंय हिच्या."

त्याच्या हातातला पाना खाली पडला.

मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी फोन पहिल्या रिंगलाच उचलला. "नक्की काय होतं त्यात? पाण्यात मिसळणारं असेल तर तोंड पुसा, घरीच लक्ष ठेवा. पेट्रोल-रॉकेलच्या जातीचं असेल तर उलटी अजिबात करवू नका, आहे तशी घेऊन या. ते छातीत उतरलं की अवघड होतं. डब्यावर काय लिहिलंय?"

डबा डिकीत, डिकी नवऱ्याबरोबर, आणि नवरा सामान आणायला बाजारात. आपणच केलेला शहाणपणा आपल्याच मुळावर यावा, तशी गत. रंगावरून-वासावरून ओळखावं तर रॉकेलच्या जातीचं क्रीम आणि पाण्याचं लोशन दोन्ही पांढरी, दोन्हींत तोच गोडसर संत्र्याचा वास घातलेला. नवऱ्याचा फोन वाजत राहिला, बंद पडला, पुन्हा वाजला. अखेर त्याने उचलला.

"पिवळीत काय आहे?"

"का? कोण जिंकलं?"

"चिमीने तोंडात घातलंय. सांग लवकर."

"पिवळीत लोशन. पाण्याचं. मीच ओतलंय. शंभर टक्के. घाबरू नकोस, मी निघालोच."

तिचा जीव भांड्यात पडायला हवा होता. तिने ओलं फडकं चिमीच्या हनुवटीवरून फिरवलं. पाण्याचं असतं तर पुसलं गेलं असतं. ते गालापर्यंत पसरलं, आणि त्यावर पाण्याचे थेंब मोत्यासारखे उभे राहिले.

"भाऊजी, पेलाभर पाणी द्या."

"दादा सांगतोय ना पण..."

"पाणी द्या."

तिने बाटली पेल्यात पिळली. पांढरा थर वर तरंगला, कडेने इंद्रधनुष्यासारखा तवंग पसरला. तिने ढवळलं. थर फुटला आणि पुन्हा एक झाला. तिने निळ्या पट्टीची बाटली दुसऱ्या पेल्यात पिळली. पाणी दुधासारखं झालं.

तिने मान वर केली. दिराचा चेहरा फडक्यासारखा पांढरा पडला होता.

"पट्ट्या मी बदलल्या," तो म्हणाला. "काल. निळ्या भागाची चमक गेली होती. हाताच्या चिकटपणावरून कळलं, निळी माझी. म्हटलं, दुसरा हात तरी दादाच्या लोशनचा पडू दे त्या भागावर, म्हणजे माझंच जिंकलंसं दिसेल." "वहिनी, मला काय माहीत..."

"किल्ली घ्या."

"मी..."

"भाऊजी, किल्ली."

धुवायला आलेल्या एका गाडीत तिने चिमीला मांडीवर सरळ धरून ठेवलं होतं. मधूनच खोकला यायचा, कोरडा, छोटा, आणि प्रत्येक खोकल्याला गाडी चालवणारा दीर आरशात बघायचा. "रस्त्याकडे बघा," ती म्हणायची. पोरीच्या छातीवर हात ठेवून ती श्वास मोजत होती आणि मोजताना चुकत होती.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ छाती तपासली, एक्स-रे काढला, नाकाशी ऑक्सिजनचा मुखवटा धरायला लावला. मुखवटा जवळ येताच चिमीने टाहो फोडला. आख्खा दवाखाना दणाणला.

"रडू द्या," त्या म्हणाल्या. "एवढं रडायला छाती धड लागते. थोडं आत गेलंय, फार नाही. उलटी करवली नाहीत, तेच बरं केलंत. घरी थांबला असतात, तर मात्र मी आत्ता काही सांगू शकले नसते. आज इथेच ठेवू हिला."

तेव्हा कुठे ती स्टुलावर टेकली.

दारात नवरा आला, धापा टाकत. "पण पिवळीत तर लोशनच होतं," तो म्हणाला. "मी स्वतः ओतलं. हे कसं झालं?"

भिंतीला टेकलेल्या दिराने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत 'सांगू नका' अशी विनवणी होती, आणि ती नीट वाचूनही तिने मान हलवली नाही.

"भाऊजी सांगतील," ती म्हणाली, आणि मुखवटा पुन्हा चिमीच्या नाकाशी धरला.