न विचारता घेतलेलं नाव

दारात काशीबाई उभी होती, आणि ट्रेसीच्या हातातला चहा तिच्याच कुर्त्यावर सांडला.

अहो, सांडणार नाही तर काय! जी बाई आपल्या लेखी केव्हाच देवाघरी गेली, ती भर दुपारी दोन जिने चढून, धापा टाकत उंबऱ्यात उभी राहिली तर कुणाचीही बोबडी वळेल. तेच कपाळावरचं गोंदण, तोच कासोटा, तीच कमरेवर हात ठेवून उभं राहायची तऱ्हा. फक्त केस पांढरे झालेले आणि गुडघे वाकलेले.

"ट्रेसी ती तूच ना? जर्ट्रूडबायची नात?"

"काशीमावशी, तू..."

"जिती हाय," काशीबाई म्हणाली. "आणि आता मला सांग, मी तुमच्या पेपरवाल्यांशी कवा बोलले?"

आपण काय करून ठेवलंय ते ट्रेसीला त्या एका प्रश्नात कळून चुकलं.

त्याचं असं झालं होतं. भोईवाड्यातल्या ज्या चाळीत हे घडलं, तिथे ‘ओसरी’ नावाची संस्था होती. खोल्या दोन, पसारा मात्र देशभर. इकडचा पत्रकार तिकडे पाठवायचा, तिकडचा इकडे आणायचा, त्यांनी लोकांच्या घरात राहायचं, जेवायचं, वाद घालायचे आणि मग लिहायचं. लिहिलेलं पाच भाषांत निघायचं. कुठल्या शेठची जाहिरात नाही, कुठल्या पुढाऱ्याचा फोन घ्यायचा नाही. गिरगावच्या वाडीतले व्हिन्सेंट अंकल वर्तमानपत्रातून रिटायर झाले आणि घरी गप्प बसायचं सोडून ही कटकट त्यांनी डोक्यावर घेतली. मराठीची बाजू त्यांच्याच शेजारची ट्रेसी सांभाळायची.

या खेपेला मेघालयातून आलेल्या एका पोरीने रे रोडच्या पलीकडच्या खारबंदर कोळीवाड्यावर लिहिलं होतं. तिथल्या मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्षाने, लहूशेठने, बायकांची बोंबील वाळवायची जागा परस्पर ट्रकवाल्यांना देऊन टाकली होती. कुणाला विचारणं नाही, सांगणं नाही. घरच्या ओटीवर बसून सौदा केला, आणि तो ऐकला चहा घेऊन आलेल्या त्याच्या सुनेने, रुचिकाने. तिने धीर करून त्या पोरीला सगळं सांगितलं. एकच अट घातली, की माझं नाव येता कामा नये.

ओसरीचा नियमच होता. बोलणाऱ्याला धोका असेल तर नाव बदलायचं, पण बदललेलं नाव त्या वस्तीत शोभेल असं हवं. मेघालयच्या पोरीने नावाची जागा कोरी सोडली. तुमच्याकडे कोळणींची नावं काय असतात मला काय ठाऊक, म्हणाली. ट्रेसी हसली आणि तिने लिहून टाकलं, काशीबाई.

लहानपणी दर शुक्रवारी, ख्रिस्ती रिवाजाने घरात मटण शिजायचं नाही त्या दिवशी, आजीच्या दारात एक कोळीण टोपली उतरवायची. ट्रेसीच्या हातावर मूठभर करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, जास्तीची ठेवायची. मग एके वर्षी ती यायची बंद झाली. "गेली असेल बिचारी," असं आजी जर्ट्रूड म्हणाली आणि विषय मिटला. ती राहते कुठे, हे इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. ट्रेसीला वाटलं, गोड आठवण आहे, नाव तरी राहील. वा रे वा! देशभरच्या लोकांना एकमेकांच्या घरात नेऊन बसवणारी ही शहाणी, आणि स्वतःच्या दारात येणाऱ्या बाईचं गाव तिला माहीत नव्हतं. ती खारबंदरचीच होती. लहूशेठची चुलत बहीण. त्याच्या घरात चुलीपर्यंत जाणारी.

"नाव बदललं आहे, असं खाली छापलं होतं, मावशी!"

काशीबाईने फोन पुढे धरला. कुणीतरी बातमीचा फोटो काढून कोळीवाड्याच्या ग्रुपवर टाकला होता, आणि खालची ओळ नेमकी कापली गेली होती. वर काशीबाई हे नाव मात्र ठळक, आणि मथळ्याशी ट्रेसीचं.

"बाजारात माझ्याशी कोण बोलत नाय. भावकीतल्या पोरी तोंड फिरवतात. रविवारी बैठक हाय. लहू बोलला, माफी माग आणि पेपर खोटा हाय म्हण, नायतर बाजारातली दाराजवळची जागा सोड. माझ्या सासूची जागा हाय ती." तिने फोन परत कमरेला खोचला. "मग कोण बोलली ती? सांग मला."

"सांगता येत नाही, मावशी."

"माझं नाव सांगता आलं, तिचं सांगता येत नाय?"

काशीबाई जिना उतरून गेली. पाणीसुद्धा प्यायली नाही.

व्हिन्सेंट अंकलनी सगळं ऐकून चष्मा काढून टेबलावर ठेवला. पस्तीस वर्षं बातमीदारी केलेला माणूस, पण असा घोळ त्यांनीही पाहिला नव्हता.

"मी बैठकीला जाते," ट्रेसी म्हणाली. "पूर्ण बातमी दाखवते. नाव मी ठेवलं, चूक माझी, असं सांगते."

"सांग. मग लहू दुसरा प्रश्न काय विचारेल?"

"काय?" ट्रेसीने विचारलं.

"ओटीवरचं बोलणं बाहेर कुणी नेलं, हे विचारेल. काशीबाई नाही, तर घरात उरलं कोण?" अंकल कपाळ चोळत म्हणाले. "ती पोर दोन वर्षांपूर्वी आलेली सून आहे गं. तिला उभ्या उभ्या घराबाहेर काढतील."

इकडे आड, तिकडे विहीर. एका बाईला वाचवावं तर दुसरी बुडते, आणि दोघींना पाण्यात ढकलणारे हात आपलेच! ट्रेसी त्या आठवड्यात धड जेवली नाही. पण रविवारी ती गेली. काशीबाई एकटी उभी राहावी आणि आपण घरी बसावं, हे तिला जमण्यासारखं नव्हतं. गेल्यावर काय बोलायचं, ते मात्र ठरत नव्हतं.

बैठक लहूशेठच्या अंगणातच होती. पुरुष खुर्च्यांवर, बायका जमिनीवर. काशीबाई मधोमध, एकटी. तिच्या आजूबाजूला माणूसभर जागा मोकळी.

"बोल, काशी," लहूशेठ म्हणाला. "माझ्या घरातलं तू बाहेर नेलंस का?"

"नाय."

"म्हणजे पेपर खोटा."

ट्रेसीला राहवलं नाही. ती उठली. "पेपर खोटा नाही. नाव खोटं आहे. ते मी ठेवलं. मावशीचा काही संबंध नाही."

अंगणात एकदम कालवा उठला. लहूशेठने हात वर केला आणि तो हसला. अंकलनी बजावलं होतं, आणि तरी ट्रेसीने नेमकं तेच करून ठेवलं होतं.

"अस्सं? म्हणजे दुसरी कुणी हाय. या घरात येणारी-जाणारी." त्याने मान वळवली. "मग खरी कोण ते मी काढतो. आजच काढतो."

त्याच वेळी रुचिका ट्रे घेऊन दारातून बाहेर येत होती. कपबश्या खुळखुळायला लागल्या. तिने ट्रे पोटाशी दाबून धरला, तरी थांबेनात.

काशीबाईने त्या कपांकडे बघितलं. मग रुचिकाच्या तोंडाकडे बघितलं. ट्रेसीने ते पाहिलं. आता ही नाव घेणार, घेतलंच पाहिजे, का म्हणून घेऊ नये?

"बस गो पोरी खाली," काशीबाई ट्रेसीला म्हणाली. "मला वाचवायला खोटं बोलू नको." आणि गुडघ्यावर हात देऊन ती स्वतः उभी राहिली. "मीच बोलले, लहू. मघाशी घाबरले म्हणून नाय म्हणाले."

"काशी!"

"मीच! सौदा मी ऐकला, मी सांगितला. आणि खोटं काय हाय त्यात? जागा दिलीस का नाय दिलीस? सगळ्यांसमोर सांग."

बायकांतली एक म्हातारी पुटपुटली, "दिलीच ना त्याने," आणि बाकीच्या खाली बघू लागल्या. रुचिकाने ट्रे तिथेच जमिनीवर ठेवला आणि ती आत पळाली. माणूस असं वागू शकतो, यावर ट्रेसीचा विश्वासच बसेना.

काशीबाईची बाजारातली जागा गेली ती गेलीच. बैठकीने ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रेसी बाजारात पोहोचली तेव्हा दाराजवळ दुसरीच बाई बसलेली होती. काशीबाई सापडली पार मागे, गटाराच्या कडेला. गिऱ्हाईक नव्हतं. पण टोपलीवर बर्फ ताजा होता, आणि तो घालून ओल्या हातांनी रुचिका घाईघाईने निघून जात होती. ट्रेसीकडे तिने बघितलं नाही.

ट्रेसी पुढ्यात उकिडवी बसली. तिला रडू आवरेना. "मावशी, मी छापते. सगळं खरं छापते. तुझं नाव तुला परत देते."

"गप ए! त्या पोरीला मारशील." काशीबाईने कोयता टोपलीच्या काठावर आपटला. "न विचारता नेलंस ते नेलंस. आता परत कशाला आणून देतेस?"

"मग मी काय करू?"

"बांगडे घे. चांगले हायत. आणि भाव करू नको, तुझी आजी लई करायची." तिने दोन बांगडे उचलून ट्रेसीच्या पिशवीत टाकले. वर मूठभर करंदी टाकली. मग ट्रेसीकडे रोखून बघत म्हणाली, "आणि यापुढे कुणाचं नाव घेशील ना, तर आधी जाऊन बघून ये, बाई जिती हाय का मेली."